हळदीच्या दिवशीची जेट स्की

माझा नवरा घसरून पडला नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता म्हणतानासुद्धा जीभ दमते. पण तो स्वतः मात्र कोणी पायाकडे बघून विचारलं की लगेच म्हणतो, "घसरलो." पोरं विचारतात, पाहुणे विचारतात, पळसदरी स्टेशनाबाहेर रिक्षावाले विचारतात. सगळ्यांना एकच उत्तर, आणि वर थोडं हसू. त्या हसण्याचा मला फार राग येतो.

त्या दिवशी आमच्या भाचीची हळद होती, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीची. आमच्याकडे मांडवाला उंबराची फांदी बांधतात आणि ती आणायचं काम नवरीच्या मामाचं. उंबर होता तलावापलीकडे. तलाव म्हणजे एका रिसॉर्टच्या मागचं पाणी. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, आणि त्यांच्यासाठी मालकाने एक जेट स्की आणून ठेवली होती. गावात तिला पाण्यातली स्कूटरच म्हणतात. मे महिना होता, पाणी आटलं होतं. रस्त्याने वळसा घालून जाण्यापेक्षा गुडघाभर पाण्यातून कडेकडेने गेलं की झालं, असा हिशेब करून हे गेले. गाव पिढ्यान्‌पिढ्या तसंच जातंय. येताना खांद्यावर फांदी होती, त्यामुळे एका बाजूचं काही दिसत नव्हतं.

जेट स्कीवर पुढे मुंबईचा एक पाहुणा बसला होता आणि मागे बसून ती चालवत होता आमचा होणारा जावई. तो त्याच रिसॉर्टवर कामाला होता. लग्नाची रजा काढून घरी बसला होता, अंगाला हळद लागलेली होती. हळद लागल्यावर नवऱ्या मुलाने गावाची शीव ओलांडायची नाही, हे कोणालाही सांगावं लागत नाही. पण मालकाचा फोन आला. मोठी पार्टी आलीय, दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही, तासभर ये आणि जा. हा गेला. घरच्यांना म्हणाला, मित्राकडे जातो. पिवळ्या हातांनी त्याने ती मशीन चालवली आणि मामासासऱ्याच्या मांडीत घातली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाहेर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांच्या मनात एकच. पोलीस आले तर नवरा मुलगा हळदीच्या अंगाने चौकीत जाणार. लग्न तर मोडेलच, वर अपशकुनी म्हणून पोरीच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल. आत डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? कोणी तोंड उघडायच्या आत, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, हेच बोलले. "घसरलो साहेब. दगडावरून." बाहेरच्या मंडळींनी सोडलेला श्वास मला आतपर्यंत ऐकू आला. माझ्या नवऱ्याचं हाड मोडलं होतं आणि माणसं सुटकेचे श्वास टाकत होती. ते मी अजून कोणाला माफ केलेलं नाही.

लग्न झालं. मामाने हात धरून नवरीला मांडवात आणायचं असतं, ते कोणा लांबच्या मामाने केलं. आम्ही दोघं दवाखान्यात होतो. जखम चिघळली, हाडात घातलेली सळई बदलावी लागली, पाय आखूड झाला तो झालाच. कुंभिवलीच्या बाजूला एका कंपनीत हे उभ्याने करायचं काम करत होते. ते गेलं. आता डॉक्टर म्हणतात, अजून एक ऑपरेशन केलं तर काठीशिवाय चालता येईल. एवढंच मला हवंय. काठीशिवाय.

रिसॉर्टचा मालक सुरुवातीला आला होता. फळांची टोपली, गोड बोलणं, "आपण बघू, तुम्ही काळजी करू नका." नंतर फोन उचलायचा बंद झाला. मग मी भिसेगावातल्या वकीलबाईंकडे गेले. चार पिढ्यांचं वकिलीचं घर, बोलणं तुटक पण मनाने चांगल्या. त्यांनी मला सरळ सांगितलं. नोकराने कामावर असताना इजा केली तर मालक भरपाईला बांधलेला असतो. पण मालक म्हणणार, तो पोरगा रजेवर होता, माझी मशीन त्याने हौसेने न विचारता काढली. "मालकाने फोन करून बोलावलं, हे एकच माणूस सांगू शकतो," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचा जावई."

त्यांना दाव्यात जावयाचंही नाव घालायचं होतं. हे म्हणाले, "त्याचं नाव घातलंत तर मी सहीच करनार नाय." म्हणून दावा एकट्या मालकावर. आणि मालकाने कोर्टात अगदी वकीलबाई म्हणाल्या होत्या तेच उत्तर दिलं. वर, त्या पोराच्या मशीननेच लागलं हेही आधी सिद्ध करा, म्हणाला.

मग मी जावयाला बोलतं करायच्या मागे लागले. पण कधी बोलणार? पहिला दिवाळसण होता, सणाला आलेल्या जावयाला कोर्टाचं कसं विचारायचं? मग अधिक महिना आला, त्याला ताटात वाण द्यायचं, पाय धुवायचे. यांना खाली बसता येत नव्हतं, तरी स्टुलावर बसून वाकून धुतले. मी आत जाऊन भांडी आपटली. मग भाचीला दिवस गेले. आमच्या घरात शुभकार्य संपतच नाही, आणि शुभकार्य चालू असताना खरं बोलायचं नाही अशी आमची रीत. भाची एकदा मला म्हणाली, "मामी, त्यांची नोकरी जाईल गं." मी म्हटलं, "तुझ्या मामाची गेलीच हाय." ती रडली. मग मलाच तिची समजूत काढत बसावं लागलं.

पोरगा वाईट नाही, हीच पंचाईत आहे. प्रत्येक तारखेला तोच यांना मोटारसायकलवरून कर्जतच्या कोर्टात आणायचा. दोन्ही हातांनी यांचा पाय उचलून पायट्यावर ठेवायचा, जपून, काचेचं भांडं ठेवावं तसा. आणि माझ्याकडे बघायचा नाही.

यांच्या साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. हे आत बाकावर जाऊन बसले होते. म्हणाला, "मामी, माझी पाळी आली की मी सांगनार हाय. मालकाचा फोन आलेला, त्यानंच चावी दिली. काय व्हयाचं ते व्हऊ दे." इतक्या दिवसांनी छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात यांच्या नावाचा पुकारा झाला.

मालकाच्या वकिलाने उलटतपास सुरू केला. डॉक्टरांना घसरलो म्हणून सांगितलंत? "हो." कोणी जबरदस्ती केली होती? "नाय." मग खोटं का सांगितलं? हे म्हणाले, "तवा हळद होती, साहेब." टाइप करणाऱ्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. ते वाक्य कागदावर आलं नाही. एवढंच आलं की, हे म्हणणे खरे आहे की मी घसरून पडल्याचे सांगितले.

मग वकिलाने विचारलं, "ती पाण्यातली स्कूटर कोण चालवत होतं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत?"

यांनी मागे बघितलं. दाराशी जावई उभा होता.

"नाय साहेब. डोळ्यांत पानी गेलेलं. दिसलं नाय."

आमच्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर त्या रागावल्यासुद्धा नाहीत. "आता जावयाला बोलावून मी काय करू? ज्याला लागलं तोच म्हणतो दिसलं नाही," एवढं बोलून दुसऱ्या कोर्टात गेल्या.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही तिघं उभे राहिलो. जावई रडकुंडीला आला होता. "मामा, मी बोलनार होतो. मामीला सांगितलेलं पन."

"म्हायती हाय रं मला. तुझ्या तोंडावर दिसलं," हे म्हणाले. "म्हनून तर बोललो. पोरगी बाळंत व्हयाला आली. तू चौकीत नाय, घरात पायजेस."

मला त्या क्षणी या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या हातातली काठी घेऊन त्याला बसायला जागा करून द्यावीशीही वाटली. मी दुसरं केलं, कारण पहिल्याला अंगात बळ नव्हतं.

चहावाला नवीन होता. कप देताना त्याने यांच्या पायाकडे बघितलं. "काय झालं काका?"

यांनी नेहमीचं हसू आणलं. तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "जेट स्कीनं उडवलं."

"आरं देवा. कोन चालवत होता?"

हे माझ्याकडे बघत राहिले. जावयाने कप कट्ट्यावर ठेवला.

"मी," तो म्हणाला. "मालकानं फोन करून बोलावलेलं. रजेवर होतो, तरी गेलो."

चहावाला मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही तिघांनी चहा संपवला. मग जावयाने गाडी आणली आणि यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून पायट्यावर ठेवला.