संपतो का एकशे शहाण्णव?

माझा मामा दारांवरच्या नंबरांच्या पाट्या रंगवायचा. तापट इतका, की गिऱ्हाइकाने पाटी तिरकी लावली तर त्याच्या दारात जाऊन खिळा उपटून यायचा. अशा माणसाचा उजवा हात गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडला. पुढे बोटं हलायला लागली, पण ब्रश काही धरवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहायला लावा, नाहीतर आहे तेवढाही हात जाईल.

मामीने बाराखडी गिरवायला दिली, तर खडू भिरकावला. "मी काय बालवाडीत आहे?"

मग मामीने डोकं लढवलं. मामाला एक जुना नाद होता. कुठल्याही दारावरचा आकडा घ्यायचा, उलटा करून त्यातच मिळवायचा, आणि दोन्हीकडून सारखा वाचता येईपर्यंत असंच करत राहायचं. सत्तावन्न आणि पंच्याहत्तर, एकशे बत्तीस. त्यात दोनशे एकतीस, तीनशे त्रेसष्ट. झालं. पण असे आकडे चुटकीसरशी संपायचे आणि मामा भिंतीकडे तोंड करून पडायचा. म्हणून तिने त्याला एकशे शहाण्णव दिला.

"हा कधी संपतो का, ते जगात अजून कुणालाच ठाऊक नाही," ती स्वयंपाकघरात मला म्हणाली. "कॉम्प्युटरसुद्धा थकले. म्हणून तर दिलाय."

मला रागच आला. आजारी माणसाला असं झुलवायचं? पण मामा असा काही इरेला पेटला, की फळा पुरेना, तेव्हा फरशीवर उतरला. त्याचे वाकडेतिकडे आठ हळूहळू ताठ उभे राहू लागले.

एका दुपारी तो म्हणाला, "संपला." खरंच, ओळ दोन्हीकडून सारखी. मी टाळ्या पिटल्या. मामीचा चेहरा मात्र उतरला. आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार. चष्मा लावून तिने ओळ तपासली.

"अहो, हातचे कुठे गेले?"

पाटीवर आकडे मांडताना मामा दोन्ही टोकांकडून मधे यायचा, म्हणजे जागा चुकत नाही. बेरीजही त्याने तशीच मांडली होती आणि हातचे घ्यायचेच विसरला होता. हातचे सोडले तर असली कुठलीही बेरीज दोन्हीकडून सारखीच येणार.

आता खडू माझ्या डोक्यात बसतो, असं मला वाटलं. पण मामा हसला आणि मामीकडे वळला.

"हा संपायचा नाही, हे तुला ठाऊक होतं ना?"

"ते कुणालाच ठाऊक नाही. संपेलही."

"मग संपवतोच. पण खडूने नको. ब्रश आण."

फरशीवर रंगाचा थेंब पडला तरी घर डोक्यावर घेणारी माझी मामी, तिने स्वतः डबा उघडून दिला. मामाने पहिल्यापासून सुरुवात केली. एक जरा थरथरला. नऊ बरा आला. मी काही रडूबाई नाही, पण त्याचा सहा पाहिला आणि मला रडूच फुटलं. कुठल्याही दारावर लावावा असा होता तो.