पाटणकर मॅडमचा शब्द

उत्खननाला गेल्या की पाटणकर मॅडम टेकाडाच्या पायथ्याशी चपला काढायच्या. ऊन असो, काटे असोत. विद्यार्थी बूट घालून वर चढू लागले की, त्यांना समजो न समजो, साताऱ्याच्या खणखणीत मराठीत गरजायच्या, "लोकाच्या घरात शिरताय, बाजार नव्हे हा!"

चंदीगडच्या आमच्या पुरातत्त्व विभागात मराठी आम्ही दोघंच, त्या विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. टेकाड तासाभरावरच्या एका गावाचं. त्यावर गावाचा जठेरा, म्हणजे पूर्वजांचं ठाणं. वर्षातून एकदा प्रत्येक घर तिथं येऊन पूर्वजांच्या नावानं मूठभर माती उकरून बाजूला टाकतं. मॅडमनी आमचं खोदकामही तसंच सुरू केलं. पहिली मूठ गावातल्या वयोवृद्ध सुरजीत बीबींची, मग आमची कुदळ. कुठं खणायचं नि कुठं नाही, हे गावासोबत बसून ठरायचं. खाली माणसांची हाडं लागली तेव्हाही मॅडमनी शब्द दिला होता, की अभ्यास झाला की ती गावाच्या हातानं परत मातीत जातील.

मॅडम निवृत्त झाल्या आणि नवे विभागप्रमुख म्हणाले, "ये इनके पुरखे हैं, इसका क्या प्रूफ है?" हाडांची पेटी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं.

मॅडम भडकून त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. "आपके परदादा के परदादा का प्रूफ है आपके पास? फिर भी श्राद्ध करते हैं ना?" बाहेर येऊन मला म्हणाल्या, "शब्द मी दिलाय रे. या माणसाच्या कुलपापायी मी खोटी पडायची?" मग दर सोमवारी येऊन त्या कपाटासमोरच्या बाकावर बसू लागल्या. पेटी मिळाली नाही. गेल्या हिवाळ्यात मॅडमच गेल्या.

शोकसभेत याच प्रमुखांनी 'गाँव हमारा पार्टनर' म्हणून भाषण ठोकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्टनर म्हणे! सेक्टर सतराच्या स्टँडवर बस बदलून आलेल्या बीबींना यांनी शेवटच्या रांगेत बसवलं होतं. बीबी उठल्या. "पेटी दे देओ जी, असीं लैण आए हां." पेटी न्यायलाच आल्या होत्या त्या. साहेब हसले, प्रोसिजर आहे म्हणाले. मग चहा-समोसे आले. मी हातही लावला नाही.

जठेऱ्याच्या दिवशी मी गावात गेलो. बीबींनी आपल्या माणसांच्या नावानं माती काढली, मग एक मूठ मॅडमच्या नावानं. मी विचारलं, "बीबीजी, और पेटीवालों की?"

त्यांनी हात झटकले. "ओह तां अजे घर ई नहीं आए, पुत्त." ते तर अजून घरीच आले नव्हते.

खाली येऊन मी चपला घातल्या. आता सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्या बाकावर मी बसतो.