सरांच्या सत्कारातली कोल्हेकुई

मंडळी, आज दुपारी आमच्या सरांचा सत्कार झाला. या निवृत्त प्राध्यापकांनी आयुष्यभर ऑपेरा गायला, शिकवला आणि नाशकात आल्यावर शाळाशाळांतल्या शिक्षिकांचे बसलेले आवाज फुकट सुधारून दिले.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात माईकवर चक्क कोल्हेकुई केली. म्हणाले, "सर असलं गायचे." सभागृह खदखदून हसलं.

मी ऑपेराच्या कॅसेटी ऐकून शिकलेला माणूस, पण एवढं मला कळतं. उठलो. "साहेब, ऑपेरा माईकशिवाय गातात. तसं करून दाखवा बरं."

"अहो, गंमत केली."

सर शांतपणे म्हणाले, "राहू द्या. त्यांचा घसा बसेल."

हसणाऱ्यांत त्या शिक्षिकाही होत्या. त्यांतल्या काही या ग्रुपवर आहेत. बाई, उद्या ज्या आवाजात हजेरी घ्याल, तो कुणी मिळवून दिला?