शेंदराचा हात

आदिलाबादच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत मी जिंकलो, आणि शेवटच्या रेषेपाशीच माझ्या बाहीतून चिंध्यांचं गाठोडं खाली पडलं. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात माझा उजवा हात गेला, तेव्हापासून कोपराखाली काही उरलं नव्हतं. रिकामी बाही लोकांना दिसू नये म्हणून मी तिच्यात चिंध्या कोंबायचो आणि टोकाला दोरा बांधायचो. धावताना तो सुटला. स्पर्धा अपंगांचीच होती, तिथं कोणी काही लपवत नव्हतं. लपवणारा मी एकटा, आणि माझंच सगळ्यांपुढे सांडलं. कोणीतरी हसलं. जिंकूनही मला तोंड लपवावंसं वाटत होतं. चिंध्या गोळा करून मी मागच्या फाटकानं निघून आलो.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि राज्याची स्पर्धा हैदराबादेत व्हायची. आमचे व्यायामाचे सर तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचे. बाही काप, उरलेला हात जमिनीला पुरत नाही तर विटेवर टेकव आणि शर्यतीला बसून सुटायला शीक, असं ते किती दिवस सांगत होते. उभ्यानं सुटणारा जिल्ह्यात खपतो, राज्यात मागं पडतो. "हाथ कायको छुपाता रे? दौड़ना तो पाँव से है ना?" ते चिडून म्हणायचे. मला मात्र उघडा हात घेऊन लोकांपुढे बसण्यापेक्षा धावणं सोडलेलं परवडलं असतं. हैदराबादला येणार नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं.

बोथजवळच्या आमच्या गावात मारुतीचं जुनं देऊळ आहे. मारुती म्हणजे धावणाऱ्यांचा देव, पण माझं त्याच्याशी कधी जमलं नाही. डाव्या हातानं देवाचं घेऊ नये, हे घरातच शिकलो होतो. मग प्रसादाला आई दोनदा हात पुढं करायची, एकदा तिच्यासाठी, एकदा माझ्यासाठी. मी खांबाआड उभा राहून तिच्या हातून खायचो. ज्यानं द्रोणागिरी हातावर उचलला त्याच्यासमोर आपण हा हात काय न्यावा, असा राग मनात असायचा. खरं तर तो राग नव्हता, लाज होती.

पुढच्या शनिवारी आईनं ओढूनच देवळात नेलं. पाहतो तर आत गर्दी. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेली शेंदराची खोळ त्या सकाळी आपोआप गळून पडली होती. आतली काळी, लहानशी मूर्ती उघडी पडली होती आणि तिचा उजवा हात कोपरापासून तुटलेला होता. तुटका भाग जुना, गुळगुळीत झालेला. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनीही ज्या हाताला तेल वाहिलं, तो नुसता शेंदराचाच होता.

पुजारी महाराज हळूच म्हणाले, "खंडित मूर्ती पूजेत चालत नाई. नदीत सोडा लागते."

आमच्या शेजारच्या भाजीवाल्या सरूकाकू रुईची माळ घेऊन उभ्या होत्या. त्या एकदम बोलल्या, "काऊन सोडता, महाराज? मायं पोरगं तापात गेल्यातच जमा होतं, तवा म्या यालेच नवस बोलला. तवा का हात होता याले? हात नवता तरी पावला ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण माझे कान तापले, पायांकडे बघत उभा राहिलो. जे मी चिंध्या भरून झाकत होतो, तेच इतकी वर्षं गाभाऱ्यात बसून लोकांना पावत होतं, आणि मी त्याच्यापासून तोंड चुकवत होतो. इतकी लाज मला मैदानावरही वाटली नव्हती.

महाराजांनी मूर्तीच्या तुटक्या कोपरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मूर्ती पुसाले फडकं हाय का कोनाजवळ?"

मी दातानं दोरा सोडला आणि बाहीतल्या चिंध्या काढून पुढं केल्या, डाव्याच हातानं. महाराजांनी त्या घेतल्या आणि तुटक्या कोपरावरचं तेल पुसायला लागले.

त्याच दिवशी बाही कापली आणि हैदराबादला येतो, असं सरांना सांगितलं. हैदराबादेत विटेऐवजी लाकडी ठोकळा होता, त्यावर उघडा हात टेकवून बसलो तेव्हा लाज होतीच, ती काही एका दिवसात जात नाही. पण ती मनानं मारुतीच्या पायाशी ठेवून सुटलो आणि राज्यात पहिला आलो. पुढं कितीतरी वर्षं धावलो, पदकं मिळाली. यात चमत्कार कोणता, ते मला सांगता येत नाही. शरण जायला हात जोडावे लागतात, असं मी समजत होतो. झाकलेलं उघडं केलं तरी त्याला पुरतं.

परत आलो तेव्हा मारुतीला नवा शेंदूर चढला होता. या वेळी मात्र महाराजांनी शेंदराचा हात बनवला नव्हता. प्रसाद वाटताना आईनं सवयीनं दुसऱ्यांदा हात पुढं केला. तेवढ्यात माझा डावा हात महाराजांपुढे आलेला तिला दिसला, आणि तिनं आपला मागं घेतला.