अठरा इंच आणि आबांचा तळहात

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नाही. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसांना पहिले काही दिवस वाटतं, या घरात रोज भांडण चालतं. तसं काही नसतं. माय आबांना चहा घेणार का, एवढंच विचारत असते.

आबा म्हणजे माझे वडील. खान्देशातून लग्नाआधीच सुरतेला आले आणि सगळं आयुष्य त्यांनी लूमच्या खात्यात काढलं. इथे कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला सांचा. सांच्यांनी आबांना घर दिलं, मला शिक्षण दिलं आणि त्यांचे कान ठेवून घेतले. काम सोडलं तोवर त्यांना अगदी कानाशी ओरडलेलं तेवढं कळायचं, आता तेही धड कळत नाही, ओठांवरून जमेल तेवढं ताडतात. कानात घालायचं यंत्र मी आणून दिलं होतं. ते त्यांनी दोन दिवस वापरलं आणि मायच्या बटणांच्या डब्यात टाकून दिलं. म्हणाले, हे घातलं की परत खात्यात गेल्यासारखं होतं, फरक एवढाच की तिथे पगार मिळायचा.

मग हळूहळू त्यांचं बाहेर जाणं सुटलं. आधी नाक्यावरची चहाची टपरी सुटली, कारण मित्र बोलायचे आणि आबांना नुसतं मान डोलवत बसावं लागायचं. मग लग्नकार्यं सुटली. बोलावणं आलं की ते मायला पुढे करायचे आणि स्वतः गुडघ्याचं निमित्त सांगायचे. गुडघे ठणठणीत होते. माझा बाप डोळ्यांदेखत घरातल्या घरात मिटत चालला होता आणि मला त्याचा राग यायचा. कुणाचा राग, ते मला नीट सांगता यायचं नाही, म्हणून मी तो मायवर काढायचे.

एकच गोष्ट उरली होती. रविवारी सकाळी ते माझ्या गाडीत बसायचे.

या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्यावरून मी पुष्कळ टोमणे खाल्ले आहेत. मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं करते, पर्वत पाटिया भागात माझं छोटंसं ऑफिस आहे. घरात माझ्या लग्नाचा विषय आता निघत नाही. पैसे जमले तेव्हा लोकांना वाटलं मी फ्लॅट घेईन. मी दोन दारांची, जमिनीला टेकलेली, जुनी स्पोर्ट्स कार घेतली. एका हिरेवाल्याचा मुलगा परदेशात चालला होता, त्याची. लहानपणापासून मला अशी गाडी हवी होती, याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. मायने तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटकडे बघितलं आणि विचारलं, "आठे काय, पिशवी बठाडशी का?" मागची सीट खरंच पिशवीपुरतीच आहे. त्यामुळे माय कधी आमच्याबरोबर आली नाही. दोन तास घसा न ताणता बसायला मिळतात म्हणून ती खूशच असायची.

आबा मात्र पहिल्या दिवसापासून यायला लागले. दार उघडून, वाकून, एक हात छताला धरून आत शिरायचे, चपला काढून पायाशी ठेवायचे आणि डावा तळहात दारावर सपाट टेकवायचे. गाडी निघाली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शहराबाहेर हजिऱ्याकडे जाऊन परत यायचो, वाटेत कुठेतरी भजी खायचो. इंजिनाचा आवाज असा की सिग्नलला पोरं वळून बघायची. तो आवाज आबांना कधीच ऐकू येणार नाही, हे मला दर रविवारी नव्याने टोचायचं. गाडीची निम्मी मजा त्या आवाजातच, आणि ती माझ्या शेजारी बसलेल्या माणसापर्यंत पोहोचतच नव्हती.

त्यांच्या त्या आठ्या आणि दारावरचा हात बघून मी ठरवून टाकलं की त्यांना धक्के सोसत नाहीत. बिचारे माझ्यासाठी येतात आणि दाराला धरून बसतात.

अशात गाडीचे टायर बदलायची वेळ आली. हिरेवाल्याच्या मुलाने गाडी चालवण्यापेक्षा झाकून जास्त ठेवली होती, त्यामुळे रबर दगडासारखं कडक होऊन बाजूला चिरा पडल्या होत्या. शिवाय दोन रिम वाकलेल्या. म्हणजे नवी चाकंच घ्यायची. मी महिनाभर आधीपासून रात्री जेवण झालं की फोनवर चाकांचे फोटो बघत बसायचे, जशा काही बायका दागिने बघतात. माझा जीव अठरा इंची, तांबूस रंगाच्या, बारीक काड्यांच्या रिमवर जडला होता. गाडीला मुळात सतरा इंची होती.

पर्वत पाटियाजवळच टायरवाल्याचं दुकान आहे. पक्का सुरती माणूस, प्रत्येक वाक्याआधी हसून घेतो. मी फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, "बेन, गाडी चलाववी छे के देखाडवी छे?"

मी म्हटलं, चालवायचीही आहे आणि दाखवायचीही.

मग त्याने मला टायरवरचे आकडे समजावले, जे मला आधीच पाठ होते. पण तो इतक्या प्रेमाने सांगत होता की मी मध्ये बोलले नाही. 215/45 R17, म्हणजे टायर दोनशे पंधरा मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची भिंत रुंदीच्या पंचेचाळीस टक्के उंच, आणि आतली रिम सतरा इंची. रिम मोठी घेतली तर रबराची भिंत तेवढी कमी करायची, म्हणजे चाकाची एकूण उंची तीच राहते आणि वेग दाखवणारा काटा खोटं बोलत नाही. अठरा इंचीला 215/40 चालेल. तेवढं रुंद ठेवलं तर वळताना कुठे घासणार नाही. पण भिंत बुटकी, म्हणजे रस्त्यातला खडासुद्धा तुमच्या पाठीला कळणार आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती. उलट सोळा इंची घेतली तर 205/55 बसतो. भिंत उंच, रबर जास्त, सगळे धक्के तिथेच जिरतात. दिसायला मात्र गाडी साडी घोट्याच्या वर नेसल्यासारखी दिसते. हे शेवटचं माझं मत, त्याचं नाही.

"साथे कोण बेसे छे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, शेजारी वडील बसतात.

"पप्पा माटे? तो तो सोळ ज नाखो."

दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या तसल्याच तांबूस रिमकडे मी एकदा बघून घेतलं आणि सोळा इंची बसवायला सांगितली. घरी येताना मनातल्या मनात स्वतःची पाठ इतकी थोपटली की दुखायला लागली असती. बापासाठी मी हौसेवर पाणी सोडलं होतं. मायला सांगितलं, तिने कौतुकाने पोटभर कळण्याची भाकरी खाऊ घातली.

पहिला रविवार. गाडी गादीवरून चालल्यासारखी चालली. गल्लीतले बंप कळलेसुद्धा नाहीत. आबांनी चपला काढल्या, तळहात दारावर टेकवला. थोड्या वेळाने हात उचलला, परत टेकवला. मग मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती. मी खूश. अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्याकडे बघून त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "गाडी चालू शे का?"

मला वाटलं चेष्टा करतात. मी हसून मान हलवली. भज्यांच्या गाडीपर्यंत पोहोचेतो ते झोपले होते.

पुढच्या रविवारी म्हणाले, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या रविवारी पोट. तिसऱ्या रविवारी काही कारणच सांगितलं नाही, नुसता हात हलवला आणि भिंतीला टेकून बसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मायला म्हटलं, यांच्यासाठी मी गाडीचं ध्यान करून ठेवलं, आणि हे घरात बसणार? माय पापडाचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "मनावर कसाले वरडस? मी काय गाडीनं चाक शे का?" मी तरीही ओरडलेच. आबांना काही ऐकू येत नव्हतं, ते एक बरं. पण त्यांना दिसत होतं. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग खाली बघितलं, आणि मला रडू आलं. शेवटची उरलेली एक गोष्टही सुटली होती आणि कशाने सुटली ते मला कळत नव्हतं.

आठवडा तसाच गेला. मग एका दुपारी डोकं जड झालं म्हणून ऑफिसातून लवकर घरी आले. आबा मागच्या खोलीत जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, डावा तळहात फरशीवर सपाट. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे एम्ब्रॉयडरीचं मशीन चालतं. त्याची घरघर आम्हाला सवयीने ऐकू येईनाशी झाली आहे. आबांचे डोळे मिटलेले होते आणि कपाळाला आठ्या होत्या. त्याच आठ्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन मायला खुणेनेच विचारलं, हे काय.

"रोज तठेच बठतस," माय म्हणाली. "मशीन बंद पडनं का माले येईसन सांगतस. चालू व्हयनं का परत जाईसन बठतस."

मी परत जाऊन दारात उभी राहिले. आबांना मी आल्याचं कळलं नव्हतं. मशीन मध्येच थांबलं तसा त्यांचा चेहरा सैल पडला आणि ते इकडेतिकडे बघायला लागले, गाणं अर्ध्यात बंद पडल्यावर माणूस बघतो तसे. मशीन सुरू झालं, आठ्या परत आल्या. त्या त्रासाच्या नव्हत्याच कधी. माझा बाप ऐकत होता. गाडीतही इतके दिवस तो दाराला धरून बसला नव्हता, तळहाताने आणि अनवाणी पायांनी माझी गाडी ऐकत होता. आणि मी मोठ्या मायेने त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये रबराची उंच भिंत बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याच्या दारात उभी. त्याने चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शुं थयुं, पप्पाने फाव्युं नहीं?"

मी म्हटलं, नाही मानवलं. मला असा टायर हवा की रस्त्यातलं काहीही लपवणार नाही.

तो नेहमीसारखा आधी हसला. "लोको झटका ओछा करवा आवे, तमे वधारवा आव्यां?" मग मला धक्के वाढवून का हवेत ते कळावं म्हणून मी त्याला आबांचं सांगितलं. लूमचं, कानांचं, फरशीवरच्या हाताचं. सुरतेत लूमचं सांगावं लागत नाही; त्याने मध्येच मान हलवली आणि हसणं थांबवलं. आतून अठरा इंची रिम आणल्या, टायर 215/40. भिंत बुटकी आहे, हवा कमी होऊ देऊ नका, खड्डा दिसला की जीव मुठीत धरून चालवा, असं बरंच काही बजावलं. तांबूस रिम बसली तेव्हा मी तिच्याकडे बघायचं विसरले. घरी आल्यावर माय म्हणाली, "हाई बरी दिखस." तेव्हा कुठे बघितलं. बरी काय, गाडी देखणी दिसत होती.

रविवारी आबांना उठवायला मायची मदत घ्यावी लागली. मेथी संपली आहे, घेऊन या, असं तिने खडसावलं. ते नाइलाजाने आले, वाकून शिरले, चपला काढल्या. गल्लीतल्या पहिल्याच बंपला माझे दात एकमेकांवर आपटले. आबांनी चटकन माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले. त्यांचा तळहात दारावर गेला, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, आणि या वेळी तो तिथेच राहिला.

हजिऱ्याच्या वाटेवर एका ठिकाणी सिमेंटचा रस्ता आहे. त्याला ठराविक अंतरावर सांधे आहेत, आणि प्रत्येक सांध्यावर चाक ठक्‌ करतं. सोळा इंचीवर त्याचा मागमूसही लागला नव्हता. आता तो सीटमधून, पायाखालून, स्टिअरिंगमधून येत होता. मी वेग वाढवला तशी ठकठक जलद झाली. आबांनी उजवा हात पुढे करून खाली दाबला, म्हणजे हळू. मी हळू केली. अजून हळू, त्यांनी खूण केली. काटा साठवरून पन्नासवर आला, पन्नासवरून चाळीसला. ठक्‌, ठक्‌, ठक्‌, ठक्‌. त्यांचा हात हवेत थांबला.

"आठेच राहू दे," ते म्हणाले.

चाळीसच्या वेगाने चाललेली ती स्पोर्ट्स कार बघून मागचा पोलादाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. मग तो बाजूने पुढे गेला, त्याच्यामागून टँकर आला, तोही खेकसून गेला. आबांचे डोळे मिटलेले होते. कपाळ आठ्यांनी भरलं होतं आणि त्याखाली चेहरा हसत होता.

"हाऊ मना सांचा शे," ते म्हणाले.

मी मान हलवली. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे वळले, आणि ज्या माणसाशी आम्ही सगळे वर्षानुवर्षं ओरडून बोलत आलो त्याने मला विचारलं, "तुले ऐकू येस का?"

मी माझ्या बाजूच्या दारावर तळहात टेकवला. त्यांना ओठ नीट दिसावेत म्हणून क्षणभर त्यांच्याकडे तोंड केलं आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "येस, आबा."