वॉचमनच्या केबिनमधला प्लग

पुतळाबाई मूळच्या नंदुरबारकडच्या, बिऱ्हाड किलवणीला. नवरा गेल्यावर त्यांनी बॅटरीवर चालणारी रिक्षा घेतली आणि धाग्याच्या कारखान्यातल्या बायकांची ने-आण सुरू केली. चाळमालक चार्जिंग करू देईना, म्हणून दुपारी त्या टोकरखाड्यात आमच्या सोसायटीत यायच्या. वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगला रिक्षा लावायच्या, वेगळ्या मीटरप्रमाणे पैसे भरायच्या आणि सावलीत डबा खायच्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

उन्हाळ्यात सोसायटीचा मेन फ्यूज उडायला लागला. रोज संध्याकाळीच! कारण आंधळ्यालाही दिसलं असतं. साहेब लोक ऑफिसातून येतात, चपला काढाव्यात तितक्या सवयीने आपापल्या इलेक्ट्रिक गाड्या चार्जिंगला लावतात आणि वर जाऊन एसी सुरू करतात. माझा नवरा वरुणही त्यातलाच.

पण मीटिंगमध्ये सेक्रेटरी रघुनाथराव म्हणाले, "बाहेरच्यांना वीज दिली की असंच होणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुतळाबाईंना बोलावून प्लग बंद झाल्याचं सांगितलं.

"साहेब, मी ते दुपारले लावस," त्या म्हणाल्या. "लाइट सांजले जास. मना काय गुन्हा शे?"

"नियम म्हणजे नियम."

कुठला नियम? त्याच मिनिटाला केलेला! मी उठून म्हटलं, "आपण गाड्या रात्री उशिरा, आळीपाळीने लावू या की." सगळे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या ताटातली पोळी मागितली. वरुण मला खाली बसायच्या खुणा करत राहिला. मी बसले नाही, पण ऐकलंही कुणी नाही.

मग पुतळाबाईंची रिक्षा अर्ध्या रस्त्यात बंद पडायला लागली. बायकांचे खाडे व्हायला लागले, तशी त्या बायकांनी दुसरी रिक्षा धरली. शेवटी पुतळाबाईंनी रिक्षा विकली. आता त्या त्याच कारखान्यात कामाला जातात, दुसऱ्याच्या रिक्षात मागे बसून.

फ्यूज अजूनही संध्याकाळी उडतोच. आमचं चुकलं, असं म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही.

काल दुपारी केबिनपाशी रघुनाथरावांची नवी इलेक्ट्रिक स्कूटर दिसली. त्याच प्लगला लावलेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रघुनाथराव, फ्यूज उडेल ना!"

"छे हो वहिनी," ते हसत म्हणाले, "दुपारी कुठे लोड असतो?"