रोल संपवायचे फोटो

स्टुडिओत फोटोंपेक्षा किस्से जास्त साठतात. फोटो गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, किस्सा आमच्याकडेच राहतो. शहाद्याच्या स्टुडिओत मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. नवरा-नवरीला ढगातून उतरवायचं, बदामात बसवायचं, ही माझी कामं. एरवीचे किस्से सांगताना मी हसत असतो. पण योगिता आल्यापासूनचे सांगताना अजून अंगावर काटा येतो.

योगिता ब्राह्मणपुरीची. नाशिकला चित्रकला शिकून आली. ती रांगत होती तेव्हाच तिची आई, सुमनबाई, वारली. घरात आईचा एकच फोटो, भिंतीवर, हार घातलेला. एक दिवस ती आमच्या मालकांच्या, आप्पांच्या, समोर येऊन बसली.

"आप्पा, जुना फोटोस्नी एक फिल्म करनी शे. फोटोले फोटो जोडीसन. माले मन्ही माय चालतांना देखनी शे."

आप्पांनी चष्मा पुसला. "बाई, फोटो चालत नही. चालस त्याले व्हिडिओ म्हंतस. आनि तवय तुम्हना गावमा व्हिडिओ कोन करे?"

तरी त्यांनी तिला कॉम्प्युटर मोकळा करून दिला. म्हणजे माझा!

* * *

हात बसावा म्हणून तिने आधी आमच्याकडचे वारलेल्या माणसांचे फोटो मागितले. खेड्यात भिंतीवर लावण्यासारखा फोटो बहुतेकांचा नसायचा. मग लग्नाच्या ग्रुपमधून, नाहीतर मतदान कार्डावरून चेहरा कापायचा आणि चांगल्या कपड्यातल्या धडावर बसवायचा. हे काम आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय.

तिने ते फोटो एकात एक हळूहळू विरघळतील असे जोडले. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होतो. मिशा येत होत्या, जात होत्या, म्हाताऱ्याचा तरुण होत होता. पण खालचा कोट जागचा हलेना. तोच कोट, तोच टाय, खिशातल्या रुमालाची तीच घडी. अख्ख्या तालुक्यातली गेलेली माणसं एकाच कोटातून चालली होती. इतके फोटो मी स्वतः छापले आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

"आप्पा, कोट कोना शे?" योगिताने विचारलं.

"मन्हा. मन्हा लगनना. मी एकदाच घालेल शे. बाकी यासनीच वापरेल शे."

आम्ही पोट धरून हसलो. योगिता हसली नाही. तिने मोबाइलमध्ये आईचा भिंतीवरचा फोटो उघडला आणि आप्पांपुढे धरला.

"आनि मन्ही मायनी साडी?"

आप्पांचं हसू गेलं. "चेहरा तुन्ही मायनाच शे, बेटा, मतदान कार्डवरना. साडी आम्हनी."

लहानपणी तिने फोटोतली ती निळी साडी घरातल्या सगळ्या पेट्यांत शोधली होती. वडिलांनी तिला कधी खरं सांगितलं नाही. आईचं म्हणून तिच्याकडे एवढंच होतं, आणि त्यातलंही गळ्याच्या खालचं गेलं. मला फार वाईट वाटलं.

* * *

मग आम्ही ब्राह्मणपुरीला गेलो. योगिताच्या गल्लीतल्या बायकांनी पेट्या उघडून लग्नाचे आल्बम आणले. सुमनबाई एकाही फोटोत नाही. लग्नात ती कायम चुलीपाशी, नाहीतर पंगतीत वाढायला. फोटोसाठी उभी कधी राहणार?

शेजारच्या कमलबाईंनी एका फोटोच्या कडेवर बोट ठेवलं. नवरदेव जेवायला बसलाय आणि फोटोच्या चौकटीबाहेरून एक हात वाढतोय, नुसता हात.

"हाऊ सुमनना हात शे."

मी म्हटलं, "मावशी, हातावरून कसं कळणार?"

कमलबाईंना राग आला. "तिन्हासंगे पापड लाटेल शेतस मी. हात वळखाऊ नही का?"

झालं, सगळ्याजणी शोधायला लागल्या. एकीला कोपर सापडलं, एकीला मांडवाच्या खांबाआडून आलेला पदर, एकीला पाठ. कुणाला शंका आली की सगळ्या डोकी जोडून बघायच्या आणि मग एकमताने मान हलवायच्या. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीने मिळून सुमनबाई गोळा केली.

योगिताने ते सगळं एकापुढे एक लावलं. हात, कोपर, पदर, पुन्हा हात. एक बाई घरोघरच्या लग्नांतून वाढत चालली होती आणि चेहरा कुठेच नव्हता. मी तर ढगातून नवऱ्या उतरवणारा माणूस. असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

"भारी झालंय गं," मी म्हटलं.

"हात शे," ती म्हणाली. "पन माय चालत नही ना."

* * *

त्यातल्या एका लग्नाचे फोटो सॅम्युएलभाऊंनी काढले होते. घर चिंचपाड्याला, दुकान विसरवाडीला हायवेवर. पूर्वी गळ्यात कॅमेरा अडकवून जिल्हाभर फिरायचे, आता लॅमिनेशन करतात. आम्ही दुकानात जाऊन सुमनबाईंचं सांगितल्यावर त्यांनी मागून बिस्किटाचे डबे आणले. आत निगेटिव्हच्या पट्ट्या.

"छापलेले तुम्ही पाहिले. हे रोल संपवायचे," ते म्हणाले.

मला लगेच कळलं. लग्न आटपलं तरी रोलमध्ये थोडे फोटो उरायचे आणि रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायची पद्धत नव्हती. मग फोटोग्राफर दिसेल त्याच्यावर धडाधड बटण दाबायचा. ते फोटो कुणी छापत नसे. आम्ही तर ती शेपटं कापून फेकून द्यायचो.

"तुम्ही ठेवली कशाला?" मी विचारलं.

"फेकायलाही कुणी सांगितलं नाही."

योगिता एकेक पट्टी दारातल्या उजेडात धरून बघत होती. एका पट्टीच्या शेवटी रिकामा मांडव. एक कुत्रं. मग हातात बादली घेतलेली एक बाई कॅमेऱ्याकडे वळून बघतेय. पुढच्या फोटोत तिची पाठ. त्याच्या पुढच्यात ती थोडी लांब, मग आणखी लांब. निगेटिव्हमध्ये केस पांढरे, चेहरा काळा, तरी योगिताने ओळखलं. पट्टी माझ्या हातात दिली आणि ती दुकानाच्या पायरीवर बसून रडली. सॅम्युएलभाऊंनी पंखा तिच्याकडे वळवला.

* * *

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती योगिताच्या घरी. भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या, लॅपटॉप टीव्हीला जोडला. समोर योगिताचे वडील, तात्या. बाजूला कमलबाई. पोरगी काय करतेय हे तात्यांनी एकदाही विचारलं नव्हतं आणि योगिताला त्याचीच धास्ती होती.

कोट झाला, चेहरे झाले, हात झाले. मग सुमनबाई आली. वळून बघितलं, पाठ केली आणि बादली घेऊन निघाली. एकेक फोटो, थांबत थांबत, पण ती खरंच चालत होती. लहान होत गेली आणि मांडव रिकामा झाला. कमलबाईंनी तोंडाला पदर लावला. योगिताने पुन्हा लावलं. पुन्हा ती निघून गेली. योगिताने आणखी एकदा लावलं.

"भाऊ," तात्या मला म्हणाले, "हाई ते जाई ऱ्हायनी."

"हो, तात्या."

"फोटोच शेतस ना? मंग मांगला पहिले लावा. तिले येऊ द्या."

मी योगिताकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी फोटोंचा क्रम उलटा केला.

मांडव रिकामा होता. लांब कुठेतरी सुमनबाई दिसली, पाठमोरी. तशीच एकेक पाऊल मागे येत येत जवळ आली, मोठी झाली. मग मान वळवून तिने तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.